नऊ सुट्यांचा एक दशक

माझे थोरले काका वर्गात शिरले की पहिली आज्ञा द्यायचे, "हात मागे!" बत्तीस पोरं बत्तीस जोडी हात पाठीमागे बांधायची. मग काका खडू उचलायचे आणि फळ्यावर वळणदार अक्षरांत आपल्या पद्धतीचं नाव लिहायचे : हातांनी गणित.

यात काही विनोद आहे हे त्यांना चौदा वर्षांत कळलं नाही. कुणी सांगितलंही नाही. सांगणार कोण? बोलायची परवानगी हात वर केल्यावर मिळायची, आणि हात तर मागे होते.

घरात आणि शाळेत सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पा मुळात चित्रकलेचे मास्तर. फळ, फुलदाणी, समुद्रात बुडणारा सूर्य, एवढ्यावर त्यांची निम्मी नोकरी सुखात गेली होती. मग गणिताचे मास्तर आजारपणाने घरी बसले, जागा भरली गेली नाही, आणि तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी यांना सांगितलं, "तिसरीचं गणित तेवढं तात्पुरतं बघा." अप्पांना घाम फुटला. गणिताशी त्यांचं लहानपणापासून वाकडं. काकू सांगायची, "लग्नाआधी माझं जन्मसाल विचारलं आणि वय काढायला कागद मागितला. तेव्हाच मी उठून जायला हवं होतं."

पण ज्याला येत नाही तो सजवतो. अप्पांनी लाकडाचे तुकडे कापून आणले आणि रंगवले. बोटाच्या दोन पेरांएवढे पांढरे ठोकळे, म्हणजे सुटे. निळी दांडी, म्हणजे दशक. तिची लांबी एका ओळीत मांडलेल्या दहा ठोकळ्यांएवढी. आणि लाल पाटी, म्हणजे शतक, दहा दांड्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर होईल तेवढी. कल्पना चांगलीच आहे. अप्पांची नाही, पण चांगली आहे. मुलाने दांडीच्या कडेला एकेक ठोकळा मांडत जायचं, दहावा मांडला की दोन्हीकडची टोकं जुळतात, आणि त्या क्षणी डोक्यात काहीतरी लख्ख होतं. एवढंच तर हवं असतं.

अप्पांना एवढंच नको होतं. कारण मुलांच्या हातांना शाई असते, घाम असतो, नाक पुसलेलं असतं. पांढरा रंग खराब होतो.

पहिल्याच वर्षी शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात त्या पेटीला पहिलं बक्षीस मिळालं. पितळेचं चिन्ह. ते त्यांनी पेटीच्या झाकणावर स्क्रूने बसवलं, आत मखमल लावली, आणि त्या दिवसापासून शिकवणं संपलं. उरलं ते दाखवणं. अप्पा टेबलामागे उभे राहायचे, पट्टीच्या टोकाने दांडी पुढे सरकवायचे आणि विचारायचे, "हे काय?"

"दहा!" वर्ग ओरडायचा.

"दहा म्हणजे काय?"

"निळा!"

"शाब्बास!"

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ही गोष्ट घडली त्या वर्षी मी नाटक शिकायला त्यांच्याकडे राहत होते आणि तपासणीच्या पाठाची तालीम घ्यायला अप्पांनी मला जुंपलं होतं. "पोरांचे आवाज एका वेळी निघत नाहीत गं. तू बसव." मी बसवले. लाजेची गोष्ट आहे, पण उत्तम बसवले. 'निळा' सुद्धा अगदी एका श्वासात आला.

दर वर्षी सुट्टीत अप्पा ती सगळी सेना गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडायचे आणि ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे. लाळ गळेल असा पांढरा, कडक निळा, लाल. माझा चुलतभाऊ, म्हणजे त्यांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, एकदा म्हणाला होता, "आधी पॉलिश पेपर मारा ना अप्पा. जुना थर निघेल."

"पॉलिश पेपर? जिभेला हाड आहे का? बक्षिसाचा रंग आहे तो!"

दादाने पुन्हा तोंड उघडलं नाही. दादाबद्दल एवढं पुरे. तो सज्जन आहे. पावसाचं पाणी गच्चीवर साचतं तसा सज्जनपणा त्याच्यात साचून राहिला आहे, वाहत कुठेच नाही.

आता वहिनी. दादाची बायको. चार शाळांमध्ये कुणाच्या तरी बाळंतपणाच्या, आजारपणाच्या रजेवर बदली म्हणून राबून शेवटी याच शाळेत तिसरीवर लागली होती. दोन वर्षं चाचणीवर. दोन वर्षं संपत आली होती, तपासनीस येणार होते, आणि मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी सरळच सांगितलं होतं, "पाठ तुमच्या वर्गावर होईल. घेतील अप्पा. निवृत्त असले तरी पद्धत त्यांचीच, आणि आपली शाळा त्या पद्धतीवरच ओळखली जाते. पाठ छान झाला की तुमचा कायम करायचा कागद त्याच दिवशी पुढे सरकवते."

"आणि नाही झाला तर?" वहिनीने विचारलं.

"असं अभद्र कशाला बोलायचं?"

म्हणजे नाही झाला तर सहावी शाळा शोधायची. वहिनीला ती शोधायची नव्हती. तिला हाच वर्ग हवा होता, हीच बत्तीस पोरं पुढच्या वर्षी चौथीत न्यायची होती. तसं ती बोलून दाखवायची नाही. पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिच्या बोलण्यात तीच पोरं असायची. कोण सातवर अडतं, कोणाला शून्याची भीती वाटते.

ती शिकवायची कशाने, तर काड्यांनी. झाडून आणलेल्या, वाळलेल्या, वेड्यावाकड्या काड्या. दहा मोजायच्या आणि रबरबँड घालायचा, की झाला गठ्ठा. वजाबाकीत सुटे कमी पडले की गठ्ठा फोडायचा. "रबरबँड काढ. किती सुटे मिळाले? मोज. नाही, मला विचारू नकोस, काड्यांना विचार." वर्गभर कचरा व्हायचा. तालमीला आलेले अप्पा दारातून बघून नाक मुरडायचे.

"सूनबाई, हे काय? शाळा आहे की लाकडाची वखार?"

"अप्पा, त्यांना गठ्ठा फोडायला मिळाला नाही तर हातचा कळत नाही."

"माझ्या दांड्या फोडाव्या लागत नाहीत."

"हो ना. फुटतच नाहीत त्या."

"टोमणा मारलास का?"

"छे."

त्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. एका जागी बसायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुरू झाली तेव्हा बावनमधून सतरा वजा करताना ही रडली होती. दोनातून सात जात नाहीत, तर तिने उलट सातातून दोन वजा केले होते आणि उत्तर चुकलं म्हणून वही बाकाखाली लपवली होती. वहिनीने तिला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि म्हणाली, "यातल्या सतरा मला दे." भिंगरी दहा मिनिटं नुसती बघत राहिली. मग तिने एका गठ्ठ्याचा रबरबँड असा ओढला की काड्या जमिनीवर सांडल्या. गोळा केल्या, मोजल्या, दोन-दोनदा मोजल्या. त्या दिवसापासून ती काहीही मोजायची. जिन्याच्या पायऱ्या, मोठ्या बाईंच्या पदरावरचे ठिपके, अप्पा एका तासात किती वेळा 'शाब्बास' म्हणतात ते. (सत्तावीस.)

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी तालीम चालू होती. अप्पा मोठ्या बाईंबरोबर चहा प्यायला गेले. पेटी टेबलावर उघडी. मी खिडकीशी, वहिनी वह्या तपासत होती. भिंगरी उठली आणि कुणी 'अगं' म्हणायच्या आत टेबलाशी पोचली. निळी दांडी आडवी ठेवली आणि तिच्या कडेला पांढरे ठोकळे मांडायला लागली.

"बाई, दहावा मावत नाही."

वहिनीने मान वर केली नाही. "नीट चिकटवून लाव."

"चिकटवून लावलेत. नऊच बसतात. दहावा बाहेर पडतो."

"मग दांडी तिरपी असेल."

"बाई, तुम्हीच म्हणता ना, मला विचारू नकोस, काड्यांना विचार? मी विचारलं. नऊ म्हणाले."

वहिनी उठली. तिने मांडले. मग मी मांडले. दुसरी दांडी घेतली, तिसरी घेतली. नऊ ठोकळे की दांडी संपायची. दहावा बिचारा टेबलावर उपरा.

एका ठोकळ्याचा कोपरा उडाला होता. वहिनीने तो उजेडात धरला. आतलं लाकूड नखाएवढं दिसत होतं, आणि त्याभोवती रंगाचे थर, एकावर एक, कांद्यासारखे. चौदा वर्षं. वर्षाला दोन हात. दहा ठोकळे ओळीत ठेवले की वीस बाजूंचा रंग एकात एक वाढत जाणार, आणि दांडीला मात्र दोनच टोकं. ठोकळे फुगले, दांडी तशीच राहिली. म्हणूनच ते सगळे असे गुबगुबीत दिसायचे, लोण्याचे गोळे कापून ठेवल्यासारखे! पुरस्कारप्राप्त पेटीत नऊ सुट्यांचा एक दशक होत होता, आणि हे कुणालाही कळलं नव्हतं, कारण हात मागे होते.

भिंगरी म्हणाली, "मग बरोबर काय लिहायचं?"

वहिनीने तिच्याकडे बघितलं. "तू किती मोजलेस?"

"नऊ."

"मग नऊ."

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर वहिनीने तो कोपरा उडालेला ठोकळा अप्पांच्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवला. मला वाटलं आता स्फोट होणार. आकाशपाताळ एक करणार. अप्पांनी ठोकळा उचलला, उडालेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आज रात्री टचअप करून ठेवतो."

"अप्पा, नऊ बसतात."

"माहीत आहे."

काकूचा हात भांड्यातच राहिला. "माहीत आहे?"

"तीन वर्षांपूर्वी लक्षात आलं. लाल पाटीवरही बसेनात. म्हणून तर मी शिस्त जास्त कडक केली. पट्टीने दाखवलं की कुणाला कळत नाही."

"नवीन ठोकळे का नाही कापले?" वहिनीने विचारलं.

"नवीन?" अप्पा दुखावले गेले. खरोखर दुखावले. "बक्षीस या पेटीला आहे. ठोकळे बदलले तर ती बक्षिसाची पेटी राहील का? तुझं आपलं काहीतरीच. आणि असं किती बिघडतं? एका ठोकळ्याचा तर प्रश्न आहे. मुलं म्हणतात ना दहा? म्हणतात. मग झालं."

"मुलं निळा म्हणतात."

"तेच ते."

मी त्या माणसाकडे बघत होते. कसले कसले खलनायक रंगवतात लोक! दात-ओठ खातात, मिशीवरून हात फिरवतात. इथे एक म्हातारा शांतपणे भात कालवत होता आणि त्याच्या मते दहा आणि नऊ यांत घासाएवढाही फरक नव्हता.

"ती तिसऱ्या बाकावरची पोरगी," अप्पा म्हणाले, "जरा जास्तच चुळबुळी आहे. उद्या तिला रजा दे."

"तिला बरं आहे."

"बरं असू दे. आईला चिठ्ठी पाठव, पोटात दुखतंय म्हण."

"कुणाच्या?"

"सूनबाई, उद्या तुझा कागद आहे, माझा नाही. मी आता काय, पिकलं पान. तुझ्यासाठी उन्हातून धडपडत येतोय."

वहिनी दादाकडे बघत होती. दादाने घास गिळला. तो म्हणाला, "एक दिवसाची रजाच तर आहे." आणि पुन्हा ताटात बघायला लागला. बघा, वाहिलाच शेवटी. पण उतार बघून.

वहिनीने चिठ्ठी पाठवली नाही.

तपासनीस वेळेवर आले. हडकुळा माणूस, हातात फळीला लावलेला तपासणीचा तक्ता. तक्त्याला बावीस रकाने. त्यांची नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे. मोठ्या बाई दाराशी, वहिनी मागच्या भिंतीला टेकून, मी कोपऱ्यात. अप्पांनी इस्त्रीचा कोट घातला होता. झाकण उघडताना त्यांनी पितळेचं चिन्ह तपासनिसांच्या बाजूला येईल अशी पेटी किंचित वळवली. किती सरावाने वळवली!

"हात मागे!"

हात मागे. अप्पा म्हणजे काय, रंगात आले की आवरत नाहीत. पट्टी नाचत होती, दांड्या सरकत होत्या, बत्तीस घसे एका वेळी उघडत आणि मिटत होते.

"तीन दांड्या, चार सुटे?"

"चौतीस!"

"यात एक दांडी मिळवली?"

"चव्वेचाळीस!"

तपासनीस खुणा करत होते. बारा, तेरा, चौदा. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर तेज चढत होतं. मग तपासनिसांचं पेन थांबलं.

"सोळा. 'विद्यार्थ्याने साहित्य स्वतः हाताळले.' हे झालं का?"

अप्पा हसले. "साहेब, पद्धतच ती आहे. हातांनी गणित."

"नाही, ते दिसतंय फळ्यावर. पण एखादं मूल हात लावेल का? मला खूण करायची आहे."

"अर्थात! बाळ, तू ये." अप्पांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला खुणावलं. घोकलेलं घडाघडा ओकायचा म्हणून त्याला सगळे पोपट म्हणत. पण तपासनिसांचं पेन तोवर हवेत फिरून भलतीकडेच थांबलं होतं.

"ती. कधीपासून हलतेय. तिला हलू दे."

भिंगरी उठली. टेबलाशी आली आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "हात पुढे घेऊ?"

तपासनीस म्हणाले, "म्हणजे काय? घे की. या निळ्याएवढे पांढरे मांड आणि किती ते सांग."

तिने मांडले. वर्गात ठोकळ्यांचा टक-टक आवाज. अप्पा टेबलावर वाकून तिच्या कानाशी पुटपुटत होते, "निळी म्हणजे काय? आठव, निळी म्हणजे काय?"

"नऊ," भिंगरी म्हणाली.

"पुन्हा मोज," तपासनीस म्हणाले.

"नऊच. हा बाहेर राहतो."

"घाबरली आहे," अप्पा सरसावले. "साहेब, लहान आहे. मुलांनो, निळी म्हणजे?"

"दहा!" वर्ग.

"बघा."

भिंगरीने वर्गाकडे बघितलं, मग दांडीकडे. "मग ही दहाची नाहीये."

तपासनीस खाली वाकले. मी त्यांचे ओठ बघत होते. एक, दोन, तीन. बोट ठेवून, ठोकळ्यागणिक ओठ हलत होते. नवावर ते थांबले. सरळ उभे राहिले. त्यांनी मोजले होते. त्यांना कळलं होतं. आणि मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"वर्गशिक्षिका कोण?"

"मी," वहिनी म्हणाली.

"बाई, हिला दहा येत नाहीत का?"

किती सोपं होतं. खाली मान घालायची. 'जरा कच्ची आहे साहेब' म्हणायचं. चार शब्दांत कायमची नोकरी. मोठ्या बाई डोळ्यांनी ते शब्द तिच्या तोंडात घालत होत्या, अप्पा भुवयांनी घालत होते.

"येतात," वहिनी म्हणाली. "येतात म्हणूनच ती नऊ म्हणतेय. तुम्हीही आत्ता नऊच मोजलेत साहेब."

वर्ग गप्प झाला. मी इतके प्रेक्षक बघितलेत, अशी शांतता मला कधी कमावता आली नाही.

तपासनिसांनी पेनाचं टोपण लावलं. "सोळाव्याला मी खूण केली आहे. हाताळलं. बाकी शेरा लिहून पाठवतो."

शेरा चार दिवसांनी आला. साहित्य : उत्कृष्ट, जतन विशेष उल्लेखनीय. सादरीकरण : उत्तम. दहाची संकल्पना : काही विद्यार्थी कच्चे. कारण : वर्गशिक्षिकेचं दुर्लक्ष.

जतन विशेष उल्लेखनीय! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण यांनी त्या शिक्का मारून, पाकिटात घालून पाठवल्या होत्या.

मोठ्या बाईंनी वहिनीला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या; त्यांना फक्त सगळं सुरळीत हवं होतं, आणि सुरळीत हव्या असलेल्या लोकांपायी जगाचं जेवढं वाकडं होतं तेवढं दुष्टांपायी होत नाही. म्हणाल्या, "एक खुलासा लिहून द्या. की मुलगी कच्ची होती, तुमच्या लक्षात आलं नाही, पुढे काळजी घ्याल. मी तो वर जोडते. कागद अजूनही सरकेल."

घरी अप्पांनी स्वतःच मजकूर सांगायला घेतला. कोट काढून, चष्मा चढवून, येरझाऱ्या घालत. "लिही. 'माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीस दहापर्यंत मोजता येत नाही, ही बाब...' बाब लिहिलंस का? 'ही बाब माझ्या नजरेतून सुटली.' छान. नम्र वाटतं."

वहिनीच्या हातात पेन होतं. कागद कोरा होता.

"लिही ना."

"अप्पा, त्या मुलीला दहापर्यंत मोजता येतं. तुम्हाला येत नाही."

दादा म्हणाला, "अगं..."

"तू गप्प बस," काकू म्हणाली. आपल्या मुलाला तिने असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्हीही. आयुष्यभर माझ्या गॅलरीत रंगाचा वास. कपडे वाळत घालायची सोय नाही. मला वाटायचं, जाऊ दे, पोरं शिकतायत."

अप्पा कळवळून म्हणाले, "पण एका ठोकळ्यासाठी? एका ठोकळ्यासाठी नोकरी घालवणार ही?"

"या वर्षी एका," वहिनी म्हणाली. "तुम्ही रंग देत राहा. आठ बसायला लागले की मला कळवा."

तिने खुलासा लिहिला. एका ओळीचा. 'विद्यार्थिनीने नऊ मोजले, कारण ठोकळे नऊच बसतात. कोणीही मोजून पाहावे.' खाली सही.

कुणीही मोजून पाहिलं नाही. वर्ष संपताना वहिनीला पत्र आलं की चाचणीचा काळ समाधानकारक नसल्याने सेवा पुढे चालू ठेवता येत नाही. अप्पांची पेटी शिक्षण खात्याच्या मुख्य कार्यालयाजवळच्या सभागृहात काचेच्या कपाटात ठेवायला मागवली गेली. आता तिला कुणाचाच हात लागणार नव्हता. अप्पा स्वतः पोचवायला गेले आणि परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. दहा की नऊ, कोण मोजणार. "कपाटाला कुलूप आहे," ते जेवताना सांगत होते, "आणि आतून दिवा!" घरात कुणी काही बोललं नाही. त्यांना ते कौतुक वाटलं.

वहिनीच्या शेवटच्या दिवशी मी तिचं सामान उचलायला शाळेत गेले होते. मोठ्या बाईंच्या खोलीत प्रगतिपत्रकांचा ढीग होता, सही-शिक्क्यासाठी. वहिनीने भिंगरीचं काढून घेतलं. गणिताच्या रकान्यात शाळेच्या कार्यालयाने तपासनिसांच्या शेऱ्यावरून आधीच उतरवून ठेवलं होतं : 'दहाची संकल्पना कच्ची. तिसरीच्या पूरक वर्गात बसवावे.' म्हणजे बाकीचे एकतीस चौथीत जाणार आणि ही निळी-निळी करणाऱ्यांच्या नव्या वर्गात.

वहिनीने खुर्ची ओढली, त्या ओळीवर सरळ एक रेघ मारली आणि वर लिहिलं : 'पक्की. चौथीत पाठवावे.'

"अहो!" मोठ्या बाई उठल्याच. "असं खोडता येत नाही. तुम्ही आता इथे..."

"पत्रात लिहिलंय, आज शाळा सुटेपर्यंत. शाळा सुटायला वीस मिनिटं आहेत. अजून वर्गशिक्षिका मी आहे."

"मला यावर सही करावी लागेल हो."

"करा ना. किंवा तिला बोलवा, समोर काहीही मांडा आणि मोजायला सांगा. खिडकीत उभी आहे ती, सगळं ऐकतेय."

मोठ्या बाईंनी खिडकीकडे बघितलं. खरंच दोन डोळे होते गजांमागे. बाईंना मोजणी नको होती. मोजणीपेक्षा सही सोपी. त्यांनी पेन उचललं, ओळ पुन्हा एकदा वाचली आणि चिडक्या आवाजात म्हणाल्या, "खोडलंय तिथे तुमची सही करा. आणि तारीख घाला."

"घातली आहे," वहिनी म्हणाली.